मऊ माणूस

चेसापीकच्या उपसागरातल्या त्या बेटावरून टपालाची बोट दुपारी साडेबाराला सुटते. नोला नुकतंच कवच टाकलेल्या मऊ खेकड्यांची खोकी घेऊन धक्क्यावर आली, तर पायरीवर डेल बसलेला. पायाशी कापडी पिशवी. ती पिशवी बघूनच तिचं टाळकं फिरलं.

"कुठे निघालास?"

"बॉल्टिमोरला. टगबोटीवर काम आहे... ग्रेडीनं बघून दिलंय."

ग्रेडी म्हणजे त्याचा थोरला भाऊ.

"आणि तुझी होडी?"

"ती ग्रेडीला देतोय. त्याच्या होडीचं इंजिन गेलंय ना. पोराबाळांचा माणूस तो..."

"म्हणून तू बेट सोडायचंस?"

नोलाच्या अंगाची लाही लाही झाली. मागच्या वर्षी ग्रेडीनं याच्या, कवच टाकेपर्यंत खेकडे ठेवायच्या टाक्या नेल्या, तेव्हाही हा नुसता हसला होता. मऊ लागलं की कोपरानं खणायचं, हा जगाचा न्याय, आणि हा बाबा वर विचारणार, कोपर दुखलं का! खेकड्यांत कवच टाकायला आलेल्या मादीला नर पोटाशी धरून फिरतो, ती मऊ असेपर्यंत तिला राखतो. अशी जोडी जाळ्यात आली की बाकीचे ती तोडून टाकीत टाकतात. डेल मात्र परत पाण्यात सोडतो. "धंदा करतोस की लग्नं लावतोस?" म्हणून नोलानंच त्याला भर धक्क्यावर झापलं होतं. त्या दिवसापासून ती रोज त्याच्या होडीची वाट बघू लागली, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला तर नाहीच.

"तू कशाला चिडतेस?" तो हळूच म्हणाला. "रोज तर म्हणतेस, तोंड दाखवू नकोस."

"म्हणते. म्हणून खरंच जाशील?"

तिच्या बाहीला समुद्री गवताची ओली काडी चिकटली होती. त्यानं ती दोन बोटांनी अलगद काढली, आणि नोलानं हातातली खोकी खाली ठेवली.

"जीव आहे माझा तुझ्यावर," ती शेवटी म्हणाली, तेही भांडल्यासारखी. "दोन वर्षं झाली. आणि तू निघालास भावाच्या इंजिनापायी..."

डेलचे कान लाल झाले. तेवढ्यात ग्रेडी आलाच, हात पुढे करून.

"आण रे किल्ली. भरतीच्या आत जाळी टाकायचीत मला."

"नाही," डेल म्हणाला.

"काय नाही?"

"होडी देणार नाही. इंजिन दुरुस्त करायला येतो हवं तर, संध्याकाळी."

ग्रेडीनं आधी त्याच्याकडे, मग नोलाकडे बघितलं. "हिनं शिकवलं वाटतं," असं पुटपुटत तो तणतणत गेला. डेलचे हात थरथरत होते. नोलानं ते धरले.

"सप्टेंबरात हंगाम संपेल," ती म्हणाली. "तेव्हा लग्न करू."

"नाही."

तिनं झटकन हात सोडले. "नाही म्हणजे?"

"सप्टेंबर फार लांब आहे, नोला."

"जन्मात दोनदा नाही म्हणालास," ती कडाडली, "आणि त्यातलं एक मला?"

"हो," डेल म्हणाला, आणि तिचे हात पुन्हा धरले. या वेळी त्याचे थरथरत नव्हते.