लाल दोऱ्याचा केसपेपर

"मी लाल दोरा बांधला होता, ताई. दादांची शपथ!"

कुमुद कळवळून म्हणाली. चौलच्या दवाखान्यात ती एकवीस वर्षं नर्स होती. गेल्या महिन्यात ती रजा घेऊन म्हसळ्याला गेली, त्याच दिवशी डॉक्टर श्रेयसने गोदूबाईंना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. त्यांचा घसा सुजला, श्वास अडला. अलिबागच्या इस्पितळात चार दिवस काढून त्या कशाबशा वाचल्या. पेनिसिलिन सोसत नसल्याची नोंद केसपेपरवर नाही, म्हणून ठपका कुमुदवर. नोकरी गेली होती; आठवड्याभरात नर्सिंगचा परवानाही जाणार होता.

"दोरा कसला?" आश्लेषाने विचारलं. ती अलिबागची खासगी तपासनीस.

"ज्याला एखादं औषध चालत नाही, त्याच्या कागदाला लाल दोरा. दादांनीच शिकवलं. श्रेयस डॉक्टरांचे वडील, आधी तेच दवाखाना चालवायचे. ते माझ्या बाजूनं बोलतील."

आश्लेषाचा आतेभाऊ अजेय वकील होता. कायदा तोंडपाठ, डोळे मात्र घरी ठेवून फिरणारा. "नोंद नाही म्हणजे केस संपली," तो म्हणाला.

गोदूबाईंचा नवरा येसाजी अंगणातच भेटला. "दोरा व्हता! कुमुदताईनं माझ्यासमोर बांधला. सात वर्सं झाली."

दवाखान्यात श्रेयसने घड्याळ पाहतच उत्तर दिलं. "कागद पाहूनच इंजेक्शन दिलं. काही लिहिलेलं नव्हतं."

"त्या दिवशीही घाईत होतात?" आश्लेषाने विचारलं.

"मुंबईला जायला मांडव्याची बोट गाठायची होती. त्याचा काय संबंध?"

दादा दवाखान्यामागच्या घरात, आतल्या खोलीत होते. त्यांनी चहा उचलला तशी बशी खुळखुळली. कुमुदने सवयीने बशीखाली हात धरला.

"दोन वर्षांपूर्वी हे थरथरणं सुरू झालं, म्हणून दवाखाना सोडला," ते म्हणाले. "कुमुद गुणी आहे हो. पण माणूस विसरतो कधी कधी."

कुमुदने मान खाली घातली. ज्यांची शपथ घेतली, ते असं बोलले.

गोदूबाईंचा केसपेपर म्हणजे टाचणीने जोडलेली तीन पानं. "सुरुवातीच्या नोंदी २०१८ च्या. अक्षर दादांचं, सहीही खरी," अजेयने निर्वाळा दिला. मग आश्लेषाने त्याला त्याच वर्षाचे आणखी वीस कागद दादांच्या खोलीत आणून चाळायला लावले. काम संपेतो त्याच्या पांढऱ्या बाह्यांवर तांबूस डाग पडले.

"दर्याची हवा," दादा म्हणाले. "इथे टाचणी वर्षभरात गंजते."

आश्लेषाने सगळ्यांना तिथेच बसवून घेतलं.

"अजेय, हा कागद तू आधी हाताळलास. तेव्हा बाही मळली?"

"नाही."

"कारण त्याची टाचणी चकचकीत आहे. पानांवर गंजाचा ठिपका नाही, जुन्या टाचणीचं भोकही नाही. सात वर्षांचा कागद गेल्या महिन्यात जन्मला."

"टाचणी बदलली असेल!" श्रेयस उसळला.

"अक्षर कसं बदलेल? २०१८ च्या बाकी कागदांवर दादांचं अक्षर ठाम आहे. फक्त गोदूबाईंच्या कागदावर, त्याच वर्षाच्या तारखांखाली, ओळ न् ओळ थरथरते आहे. हात बिघडला दोन वर्षांपूर्वी. मग २०१८ मध्ये कसा थरथरला?"

अजेयने दोन कागद शेजारी धरले आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"श्रेयस, तुम्ही कागद काढलाच नाहीत, नाहीतर लाल दोरा दिसला असता. रुग्णालाही विचारलं नाहीत. बोट गाठलीत. त्याच दिवशी कबूल केलं असतंत, तर ती चूक होती. वडिलांनी नवा कागद लिहिला, तुम्ही तो पुढे केलात. आता तो गुन्हा आहे."

दादांनी उशाखालून एक पिवळट कागद काढून कुमुदकडे दिला. त्याच्या कोपऱ्यात लाल दोरा तसाच होता.

"चाळीस वर्षं कागद जपले. हा जाळवला नाही."

"दादा," कुमुद म्हणाली, "तुम्ही मला फसवलंत."

"श्रेयसचं सगळं आयुष्य पुढे आहे गं. तुला मी दुसरीकडे नोकरीला लावून दिलं असतं."

"परवान्याशिवाय? आणि उद्या दुसरी गोदूबाई आली असती तर?"

दादांनी चहाचा कप उचलला. बशी खुळखुळली, चहा धोतरावर सांडू लागला, आणि त्यांनी सवयीने कुमुदकडे पाहिलं.

कुमुदने लाल दोऱ्याचा कागद आश्लेषाच्या हातात दिला आणि ती बाहेर जाऊन चपला घालू लागली.