पाचवी निळी फुली

“टेप घट्ट धर! आणि हलू नकोस!” स्टेजवर पालथी पडलेली फूटपट्टी ओरडली.

“मी फक्त श्वास घेतला!” भोंगा म्हणाला. त्याची कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायची, म्हणून तर त्याचं नाव भोंगा.

“मग तोही हळू घे!”

फूटपट्टीला फूटपट्टी का म्हणतात, हे तिला पाच मिनिटं भेटलेल्यालाही सांगावं लागत नसे. सुट्टी लागली तशी या दोघांना नाट्यमंडळाच्या हॉलमधल्या खुर्च्या पुसायचं काम मिळालं होतं. मुलांच्या या मंडळाला येत्या रविवारी पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पण खुर्च्या धुळीतच राहिल्या, कारण आज एक विलक्षण गोष्ट घडली होती.

पश्चिमेच्या खिडकीवरचे काळे पडदे सकाळीच धुवायला गेले होते. फूटपट्टीच्या आठवणीत ती खिडकी पहिल्यांदाच उघडी पडली होती. पाच वाजून गेले आणि ऊन आत आलं. आलं ते अगदी तिरकं, जमिनीला गाल टेकून. धूळ त्यात संथ तरंगत होती, जणू हॉल गाढ झोपला होता आणि हा त्याचा श्वास होता. आणि स्टेजच्या फळ्यांवर, पॉलिशच्या थराखाली, बारीक बारीक उंचवटे दिसू लागले. प्रत्येकाला स्वतःची इवलीशी सावली! लाल गोल, पिवळे त्रिकोण, पांढऱ्या रेघा. कोणी कुठे उभं राहायचं ते दाखवणाऱ्या, रंगानं काढलेल्या खुणा. नाटकं आली आणि गेली, खुणा मात्र कोणी पुसल्याच नव्हत्या.

त्यांत चार निळ्या फुल्या होत्या. त्या दिसताच फूटपट्टीनं फडकं टाकून वही काढली होती.

“डाव्या खांबापासून अकरा फूट दोन इंच,” तिनं वहीत लिहिलं. “उजव्या खांबापासून?”

“साडेसतरा. पण दोन-दोनदा कशाला मोजायचं?”

“एका अंतरानं जागा पक्की होत नाही. दोन अंतरांनी होते. मग फुली झाकली तरी सापडते.”

“आत्यासाठी चाललंय ना हे?” भोंग्यानं विचारलं.

फूटपट्टीनं मान हलवली. तिची आत्या इथल्या पोशाखांच्या खोलीत शिवणकाम करायची. पहिल्या नाटकात आपण होतो, आपली खूण निळी फुली होती, असं तिनं गेल्या वर्षी सभेत सांगितलं होतं. त्यावर अध्यक्षकाका म्हणाले होते, “ताई, आठवणींना पुरावा लागतो.” त्यानंतर आत्यानं तो विषयच काढला नाही. पुरावा होता तो एकच, जुनं रजिस्टर. ते अध्यक्षकाकांनीच गळक्या पाइपाखालच्या माळ्यावर ठेवलं होतं आणि त्याचा लगदा झाला होता!

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आता छापलं जाणार होतं: ‘पहिली दहा वर्षं मंडळात फक्त मुलगे होते.’ मजकूर उद्या सकाळी छापखान्यात जायचा होता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सुतारमामा भलंमोठं मशीन ढकलत आत आले. मागून अध्यक्षकाका, आणि त्यांच्या मागे पुस्तकात डोकं खुपसून चालणारी त्यांची नात, चष्मी. ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली आणि वाचत राहिली.

“उठा रे पोरांनो! फळ्या घासायच्यात,” सुतारमामा म्हणाले. “कशा लख्ख करतो बघा. जुना थर सगळा साफ!”

“साफ?” दोघं एकदम किंचाळले. भोंग्यानं पुढे होऊन मशीनवर चक्क बैठक मारली.

“अरे, उतर!”

“मामा, हे एका मिनिटात किती वेळा फिरतं? आणि उलटं फिरवलं तर फळ्या जाड होतात का?”

सुतारमामांना हसू आवरेना. तोवर फूटपट्टी वही घेऊन अध्यक्षकाकांसमोर उभी होती. तिनं फुल्या दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“फुल्या आहेत खऱ्या. पण त्यांच्यावर नाव लिहिलंय का? कोणाही मुलाच्या असतील. मी तिसऱ्या वर्षी मंडळात आलो, तेव्हा औषधालाही मुलगी नव्हती इथे!”

“तिसऱ्या वर्षी नव्हतीच!” मागून आवाज आला. आत्या दारात उभी होती, गळ्यात मोजायची फीत. “दोन वर्षं होतो आम्ही. मग घरच्यांनी सगळ्या मुलींचं येणं एकदम बंद केलं. तुम्ही आलात त्याच्या आदल्या सुट्टीत.”

सूर्य खिडकीच्या खाली उतरला आणि खुणा एकेक करून विझल्या. फळ्या पुन्हा गुळगुळीत, कोऱ्या.

“काका, परीक्षा घेऊ या?” फूटपट्टी म्हणाली. “खुणांवर जुना पडदा अंथरू. आत्यानं तिचं काम करायचं. ती जिथे थांबेल तिथे मी खडूनं खूण करीन, मग वहीशी ताडून बघू. आत्यानं वही पाहिलेली नाही.”

“आणि जुळलं तर स्मरणिका बदलायची!” मशीनवरून भोंगा गरजला. “सुतारमामा साक्षीदार!”

“बदलू,” अध्यक्षकाका हसले. “एक वीत इकडेतिकडे चालेल. तेवढी सूट दिली!”

पडदा अंथरला गेला. आत्या डाव्या खांबापाशी उभी राहिली. “मी दिवे लावणारी मुलगी होते. गाव झोपलेलं असतं. मी खांबाखांबाशी थांबते आणि प्रत्येक दिव्याला विचारते, जागा आहेस का?” तिनं डोळे मिटले. सात पावलं गेली, थांबली. डावीकडे चार, थांबली. पुन्हा सहा—

“आत्या, पुढे कड आहे!” फूटपट्टीनं तिचा हात धरला. एकही जागा जुळली नव्हती.

“झालं?” अध्यक्षकाका जरा मऊ आवाजात म्हणाले.

“पाय चुकले,” आत्या पुटपुटली आणि वळली. तिच्या गळ्यातली फीत खाली पडली, तीही तिनं उचलली नाही. फूटपट्टी त्या फितीकडे बघत राहिली. मग एकदम उडालीच!

“आत्या, पाय चुकले नाहीत! पाय वाढलेत! तेव्हा तू केवढी होतीस?”

“अकराची. चणीनं लहानच.”

“तेव्हाची सात पावलं आणि आताची सात पावलं सारखी कशी असतील? आता मी चालते, तू सांग!”

“तू तर फुल्या पाहिल्यास,” अध्यक्षकाकांनी लगेच पकडलं.

“मी नाही पाहिल्या.” शेवटच्या रांगेतून चष्मी उठली. पुस्तक तिनं केव्हाच मिटलं होतं. “मी अकराची आहे. आणि आजोबा, मी काही तुमच्या विरुद्ध पार्टीची नाही. मग चालेल ना?”

काकांनी मान डोलावली, तशी चष्मी डाव्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. आत्या खुर्चीत बसली, डोळे मिटले. “सात पावलं, बाळ. थांब. आता विचार.”

“जागा आहेस का?” चष्मीनं हवेला विचारलं. हॉलमध्ये ते शब्द हळूच फिरून आले.

“डावीकडे चार. थांब.” आत्याचा आवाज बदलला होता, बारीक झाला होता, जणू खुर्चीत दुसरंच कोणी बसलं होतं. “सहा पावलं, तिरपी. थांब. आता मागे वळून पाच.”

चष्मी जिथे जिथे थांबली, तिथे तिथे फूटपट्टीनं टेप लावला. पहिली जागा, तीन इंचांचा फरक. दुसरी, पाच. तिसरी, दोन. चौथी तंतोतंत! भोंगा ओरडायलाही विसरला.

“आता उजवीकडे नऊ,” आत्या म्हणाली.

“चारच फुल्या आहेत, आत्या,” फूटपट्टी कुजबुजली.

“पाचवा दिवा राहिला ना. नऊ पावलं जा.”

सातव्या पावलाला चष्मी थबकली. “पुढे भिंत आहे, आजी.”

“भिंत कुठली? दार आहे तिथे. दार उघड, दोन पावलं टाक. तिथे शेवटचा दिवा.”

अध्यक्षकाकांचं हसू मावळलं. “ही प्लायवूडची भिंत मी आलो तेव्हापासून आहे,” ते सावकाश म्हणाले. “इथे दार मी कधीच पाहिलं नाही.”

सुतारमामांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. पोकळ! त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली. खिळे कुरकुरत निघाले. प्लायवूड बाजूला सरलं आणि मागे दाराची चौकट दिसली. आत जेमतेम माणूस उभा राहील एवढी अंधारी जागा होती, आणि जमिनीवर धुळीची जाड गोधडी.

आत्यानं डोळे उघडले. ती उठली, चौकटीतून आत गेली आणि खाली बसून पदरानं धूळ पुसली.

निळी फुली! तिच्यावर ना पॉलिश चढलं होतं, ना कोणाचे पाय पडले होते. काल काढल्यासारखी ताजी, निळीशार.

“जागा आहेस,” आत्या तिला हळूच म्हणाली.

मग मात्र भोंग्याला राहवलं नाही. त्याच्या आरोळीनं खिडक्यांच्या काचा थरथरल्या!

“या फळ्यांना मी मशीन लावणार नाही,” सुतारमामांनी वायर गुंडाळून टाकली. “हातानं पुसून तेल देतो.”

अध्यक्षकाकांनी फूटपट्टीच्या पाठीवर हात ठेवला. “पोरी, पन्नास वर्षं आम्ही या खुणांवर नाचलो, पण खाली वाकून बघावंसं कोणालाच वाटलं नाही. शाबास! तुम्हां तिघांनाही शाबास!” मग ते स्टेजच्या कडेवर बसले, स्मरणिकेचं पहिलं पान मांडीवर घेतलं आणि त्यावर एक लांबलचक काट मारली. “ताई, चूक माझी. तुम्ही सांगा, मी लिहितो.”

आत्या त्यांच्याशेजारी टेकली. “आधी मुलींची नावं लिहा,” ती म्हणाली. “आम्ही सात जणी होतो.”

पहिली तीन नावं समासात बसली. चौथ्या नावाला जागा उरली नाही, तेव्हा अध्यक्षकाकांनी कोरा कागद घेतला.