एका माणसाची गाडी

ही गोष्ट घडलेली आहे. कोणाला पटो न पटो. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली आणि तिनं सांगितली तशीच इथं लिहितोय. माझ्या पदरचं यात काही नाही.

तारीख २६ जानेवारी २००९. सोमवार. दुपारचे तीन वाजले असतील.

भर ऊन होतं. आजूबाजूला चार-पाचशे माणसं होती. लहान पोरं, झुले, लाऊडस्पीकरवर गाणी. अशा ठिकाणी कोणाला भीती वाटेल?

जागा दिग्रसजवळची. पुसद रोडवर तेव्हा नवीनच मौजनगरी पार्क निघालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, बोटीचं तळं, सिमेंटचे वाघ-हत्ती. पार्कच्या आधी तिथं एक जिनिंग होती. कापसाचे ते दिवसच वाईट होते. आज ही जिनिंग बंद, उद्या ती बंद. मशिनी भंगारात जायच्या आणि जागा विकल्या जायच्या. तशीच हीही विकली गेली.

या जिनिंगमध्ये नलूमावशी नऊ वर्षं कामाला होती.

मावशी राहायची त्या बौद्धपुऱ्यातल्या पाच-सहा बाया तिथं जायच्या, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्याही काही यायच्या. रेच्यात कापूस टाकायचा. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. दिवसभर घरघर, आणि हवेत रुईचा बारीक भुगा. तांड्यावरची लालीबाई मावशीच्या शेजारच्या रेच्यावर होती. दोघींचं चांगलं जमायचं. डबा एकत्र, पाणी एकत्र, घरी जाताना रस्ता एकत्र.

फेब्रुवारी १९९८ मध्ये जिनिंगला आग लागली.

तेवीस बाया बाहेर आल्या. लालीबाई आली नाही.

बाहेर पडताना दारातल्या रेटारेटीत मावशी खाली पडली. अंगावरून माणसं गेली. खुबा मोडला तो नीट जुळलाच नाही. त्यानंतर मावशी काठी घेऊन दहा पावलं चालायची, मग बसायची. अकरा वर्षं तिनं घर, अंगण आणि दवाखाना याच्यापलीकडं काही पाहिलं नाही.

आणि अकरा वर्षं ती त्या जागेकडं फिरकली नव्हती.

तिची मुलगी प्रियंका नर्स आहे. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, म्हणून तिनं आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, अपेक्षाला, पार्क दाखवायचं ठरवलं. आईलाही चल म्हणाली.

"मी कायले येऊ? मले चालता येते का?"

"तिथं तुयासारख्या लोकांसाठी गाडी हाय म्हणते. बॅटरीची. आपली आपण चालवायची."

मावशी नको म्हणत राहिली. पण खरं कारण सांगता आलं नाही. आणि अपेक्षानं हात धरून ओढलं, मग गेली.

गाडी गेटजवळच्या शेडमध्ये होती. तीन चाकांची. खुर्चीसारखी सीट, दोन्ही बाजूला हात टेकायला दांडे, पुढं टोपली. सीटच्या मागं सामान ठेवायला टीचभर फळी. तिथं बळीराम नावाचा पन्नाशीचा माणूस बसला होता. कळंबकडचा. नवीनच लागलेला. या जागेचा इतिहास त्याला ठाऊक नव्हता.

"मावशी, हे खटकं दाबलं का गाडी चालते. सोडलं का थांबते. ब्रेक-गिरेक काही नाही."

हँडलवर एक गोल बटण होतं. एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं.

"कासव म्हणजे हळू, ससा म्हणजे जोरात," बळीराम म्हणाला. "आणि गाडी एका माणसाची हाय. मांगच्या फळीवर नातीले उभं करू नका."

मावशीनं काठी टोपलीत आडवी ठेवली. खटका दाबला.

गाडी हलली.

मावशी सांगते, त्या क्षणाला तिला रडू आलं. अकरा वर्षांनी ती कोणाच्या हाताविना चालत होती. झाडं मागं जात होती. तोंडाला वारा लागत होता. दहा पावलं झाली, वीस झाली, शंभर झाली, आणि खुब्यात कळ नाही.

तिनं बटण सशाकडं फिरवलं आणि एकटीच हसली.

अपेक्षाला आकाशपाळण्यात बसायचं होतं. रांग मोठी होती.

"आई, तू मार एक चक्कर. आम्ही इथंच हाओत," प्रियंका म्हणाली.

मावशी एकटी निघाली.

रस्ता तळ्याला वळसा घालून मागच्या बाजूला जात होता. पार्कात सगळं बदललेलं होतं. तरी मावशीला जमीन ओळखू येत होती. हे वजनकाट्याचं ठिकाण. इथं कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या. आणि जिथं आता बोटीचं तळं होतं...

तिथं रेच्यांचा हॉल होता.

तळ्याच्या काठाशी आली आणि गाडी जड झाली.

बंद नाही पडली. जड झाली. सायकलवर कोणी मागून बसलं की कशी होते, तशी. मागचा भाग किंचित खाली दबला. बटण सशावरच होतं. गाडी मात्र माणसाच्या चालीनं चालू लागली.

मावशीला वाटलं, चढ असेल.

चढ नव्हता.

समोरून एक कुटुंब येत होतं. त्यातली बाई आपल्या पोरांना बाजूला ओढत म्हणाली, "सरका रे, दोघी बाया येऊन राह्यल्या."

दोघी...

मावशीला वाटलं, आपल्या मागून कोणी चालत येत असेल. तिनं कान दिला. मागं पावलं नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं. लाऊडस्पीकरचं गाणं ऐकू येत नव्हतं. तळ्यात बोटी होत्या, पोरांची तोंडं उघडी होती, हात वर होते. पण आवाज नव्हता. काहीच नाही. कानात कापूस घातल्यासारखं.

आणि त्या शांततेत कोणीतरी खोकलं.

अगदी मानेजवळ. कोरडा, बारीक खोकला. रुईचा भुगा छातीत बसलेल्या माणसाचा असतो तसा.

मावशीनं तो खोकला नऊ वर्षं ऐकला होता.

तिनं मागं पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही. नजर खाली रस्त्यावर ठेवली. तर रस्त्यावर उजेडाचे ठिपके दिसले. लहान लहान, वीस-पंचवीस. गाडीसोबत पुढं सरकणारे, थरथरणारे. उन्हात आरसा धरला की पडतात तसे.

लालीबाई आरशांची ओढणी घ्यायची.

मावशीच्या तोंडातून "बुद्धं सरणं" एवढंच निघालं. पुढचे शब्द आठवेनात. खटक्यावरचं बोट आपोआप सुटलं आणि गाडी थांबली.

दोन्ही खांद्यांवर हात पडले.

जोरानं नाही. आधार घेतल्यासारखे.

"नलू... दार किती लांब हाय?"

इथं मला थोडं थांबून मावशीची गोष्ट सांगावी लागेल. ती तिनं अकरा वर्षं कोणालाच सांगितली नव्हती. पोलिसांना नाही, नवऱ्याला नाही, प्रियंकाला नाही. सगळ्यांना ती एकच सांगायची, "लाली माह्या पुढं होती. मले वाटलं बाहेर निंगाली."

लाली पुढं नव्हती.

आग लागली तेव्हा धावपळीत कापसाची गाठ कलंडून लालीच्या पायावर पडली. मावशीनं ती ढकलली. लालीला उभं राहता येईना, म्हणून तिला पाठीवर घेतलं. धुरात काही दिसत नव्हतं. लाली पाठीवर खोकत होती आणि एकच विचारत होती, दार किती लांब हाय? मावशी म्हणत होती, आलंच, आलंच.

मग वरचं टिनाचं छप्पर कोसळलं. मावशीचा श्वास संपला.

तिनं मानेभोवतीचे हात सोडवले. एक आधी, मग दुसरा. आणि पळाली.

लाली सापडली ती दारापासून पंधरा हातांवर. दाराकडं तोंड करून.

आणि आता तेच हात खांद्यावर होते.

मावशीनं खटका दाबला. गाडी हलेना. पुन्हा दाबला. हलेना. चार पावलांवर एक माणूस भेळ खात उभा होता, त्याला हाक मारावी म्हटलं तर गळ्यातून आवाज निघेना. टोपलीत काठी होती. तिनं काठी उचलली. एक पाय खाली टेकवला. उतरावं आणि जमेल तसं जावं. प्रियंका दिसेपर्यंत जावं. पडले तर पडले.

खांद्यावरचे हात सैल झाले.

जा म्हटल्यासारखे.

मावशी सांगते, तिथं ती खरी घाबरली. धरून ठेवलं असतं तर सोडवून पळाली असती. पण हात आपणच सैल झाले. या वेळी तिला सोडवायलाही काही नव्हतं.

तिनं पाय परत वर घेतला. काठी टोपलीत ठेवली.

"नीट बस," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कोणाचा वाटला. "आलंच दार."

बटण कासवाकडं फिरवलं. खटका दाबला.

गाडी निघाली.

हॉलचं दार आता उरलं नव्हतं, पण जिनिंगचं जुनं मागचं फाटक अजून तिथंच होतं. पार्कवाल्यांनी ते वेल्डिंगनं झाळून कायमचं बंद केलं होतं आणि त्यावर मोर-ससे रंगवले होते. तळ्यापासून तिथपर्यंत शंभर-सव्वाशे पावलं असतील. मावशीला ते अंतर संपता संपेना. पाठीवर ऊब होती. मानेवर श्वास लागत होता, धुराच्या वासाचा. ठिपके रस्त्यावर पुढं पुढं सरकत होते. मध्येच खोकला यायचा, मग शांत. मावशी मोठ्यानं मोजत होती. आता तीस पावलं. आता वीस. आता दहा.

फाटकाशी आली आणि...

गाडी एकदम हलकी झाली.

इतकी हलकी, की झटक्यानं पुढं जाऊन फाटकावर आदळली. त्याच क्षणी सगळे आवाज परत आले. गाणी, पोरं, पाणी, सगळं एकदम. मावशीनं दोन्ही कान दाबून धरले.

रस्त्यावर ठिपके नव्हते.

थोड्या वेळानं बळीराम धापा टाकत आला.

"मावशी, तुमाले सांगितलं होतं ना, एका माणसाची गाडी हाय म्हणून. तिकडून पाहून राह्यलो मी. मांगं उभी केली ना बाई?"

मावशीनं कानांवरचे हात काढले.

"ते आरशाच्या ओढणीवाली. कुठं गेली ते?"

त्यानं फाटकाकडं पाहिलं. फाटक पक्कं बंद होतं. दोन्ही बाजूला दोन पुरुष उंचीची भिंत होती. तो पुन्हा काही विचारणार होता. पण मावशीच्या तोंडाकडं पाहून त्यानं गाडीलाच हात घातला. गाडी त्याला ढकलतच न्यावी लागली. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी पार उतरली होती.

त्या संध्याकाळी मावशीनं प्रियंकाला सगळं सांगितलं. पार्कातलं, आणि आगीत लालीला पाठीवर घेतलं तिथपासून हात सोडवले तिथपर्यंतचंही.

प्रियंकानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, हे मले नको सांगू. ज्याले सांगाचं त्याले सांग."

पुढच्या रविवारी दोघी तांड्यावर गेल्या.

लालीबाईचा नवरा देवसिंग एकटाच राहायचा. म्हातारा झाला होता. अंगणात बाजेवर बसला होता. मावशीला त्यानं ओळखलं, बसायला पोतं टाकलं.

मावशीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. पाठीवर घेतल्याचं. धुराचं. हात सोडवल्याचं. पार्कातलं मात्र एक अक्षर काढलं नाही. ते सांगायचं नाही, असं प्रियंकानं घरूनच बजावलं होतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला भलतं ऐकवायचं.

देवसिंग ऐकत होता. राग नाही, रडणं नाही.

"मले माहीत हाय," तो म्हणाला.

"कोनं सांगितलं?"

"तिनंच."

प्रियंकानं आईचा हात घट्ट धरला.

"सोमवारी आलती," देवसिंग सांगू लागला, शेजारची बाई येऊन गेल्यासारखं. "दिवस कलला होता. इथं दारात उभी राह्यली. पाणी मांगलं. मी लोटा देला. पूर्ण पेली. मी म्हटलं, इतके वर्स कुठं होती? कशी आली?"

त्यानं दाराकडं बोट केलं.

"तर म्हणे... नलूनं सोडलं."

मावशी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"दारापर्यंत सोडलं म्हणे? का... तिथंच, आगीत सोडलं म्हणे?"

देवसिंगनं बराच वेळ विचार केला. आठवायचा खरा प्रयत्न केला.

"तेवढंच बोलली," तो म्हणाला. "नलूनं सोडलं."

त्यापुढं लाली कुठं गेली, हे मावशीनं विचारलं नाही. देवसिंगनंही सांगितलं नाही. दोघी उठून परत आल्या.

पुढच्या उन्हाळ्यात देवसिंग गेला. आता विचारायलाही कोणी उरलं नाही.

मावशी अजून आहे. डोकं ठिकाणावर आहे, बोलणं स्वच्छ आहे. हे सगळं सांगताना तिचा आवाज कुठं कापत नाही. फक्त शेवटी ती थांबते आणि ऐकणाऱ्याला विचारते, तुले काय वाटते, ती कोणतं म्हणाली असंल? मलाही विचारलं. 

त्या दिवसापासून एक झालंय. मावशी कुठंही गेली, लग्नात, विहारात, दवाखान्यात, तरी पाठ भिंतीला टेकवूनच बसते.

भिंत नसली, तर बसत नाही. काठी धरून उभी राहते.