कोटांच्या आडून

ओळ अगदी मनासारखी लागली होती... शेवटचा सूर अजून हवेत तरंगत होता, आणि — टिंग!

दुकानाची घंटा.

मी डोळे मिटून तशीच उभी राहिले. मावशीच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, टांगलेल्या कोटांच्या दाटीत मी माझी गाणी रेकॉर्ड करायचे. लोकरीचे जाड कोट बाहेरचा गोंगाट असा पिऊन टाकतात की चांगल्या स्टुडिओनं तोंडात बोट घालावं. गाणी लिहायची मीच, गिटार वाजवायची मीच, ड्रम लॅपटॉपमधून काढायचे आणि सगळं जुळलं की इंटरनेटवर टाकायचं. अख्खा बँड एकटीचा! मावशी दुपारी घरी जेवायला गेली की तेवढा वेळ इस्त्र्या गप्प असायच्या. आणि नेमकं तेव्हाच हे गिऱ्हाईक.

"कोणी आहे का?"

दोन ओव्हरकोट बाजूला सारून मी डोकं बाहेर काढलं. कानांवर हेडफोन, केसांचा पार विस्कोट. समोर एक उंच तरुण, बाहीवर खडूची पांढरी पूड.

"तुम्ही... कोटांत राहता?"

"राहते. आणि आत्ता तुम्ही माझ्या गाण्याचा बट्ट्याबोळ केलात."

"ते तुम्ही गात होता? मला वाटलं, रेडिओ—" तो अडखळला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "पुन्हा गा ना. मी हलणार नाही. श्वाससुद्धा बेतानं घेईन."

त्यानं खिशातला रुमाल काढून घंटेत कोंबला आणि स्टुलावर हाताची घडी घालून बसला. मी परत कोटांत शिरले. त्या वेळी जरा जास्तच चांगली गायले असेन... कोणीतरी ऐकत होतं ना!

तो जवळच्या शाळेत लहान मुलांना गणित शिकवायचा. मावशीनं लगेच त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं. मास्तर दर शनिवारी यायला लागला. आधी स्वतःचे कोट आणले, ते संपल्यावर भावाचे. एकदा तर मावशीनं कोट नाकाशी धरला आणि म्हणाली, "मास्तर, हा मीच परवा धुऊन दिला होता. घडीसुद्धा मोडलेली नाही."

"हो का? मला वाटलं, जरा... मळलाय."

"मळलेलं काय आहे ते मला दिसतंय," मावशी म्हणाली आणि आम्हाला दोघांना ऐकू जाईल असं हसत आत गेली. "चिमणे, गिऱ्हाइकाला कॉफी दे!"

तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. तो ऐकायचा छान. उगाच वा वा करायचा नाही. "ही ओळ तू कोणाला तरी बरं वाटावं म्हणून लिहिलीयस," असं सरळ म्हणायचा. मला राग यायचा, आणि घरी जाऊन मी तीच ओळ खोडायचे.

मग एक गाणं चाललं. बसमध्ये शेजारची मुलगी ते गुणगुणताना ऐकलं तेव्हा मी माझा स्टॉपच चुकवला. आणि एका नावाजलेल्या रॉक बँडचा फोन आला. सहा महिन्यांचा दौरा, गावोगावी. त्यांच्या आधी स्टेजवर अर्धा तास माझा.

मी धावत शाळेच्या फाटकाशी गेले. त्याला सांगितलं.

"जा," तो म्हणाला. लगेच! "जायलाच हवं. विचार कसला करतेस?"

"काहीच विचार करायचा नाही? तुलाही नाही?"

त्यानं बाहीवरची पूड झटकली. "अभिनंदन," म्हणाला, जसं एखाद्या पालकाला म्हणावं तसं.

मी फणकाऱ्यानं पाठ फिरवली. एकदा, फक्त एकदा जरी तो 'राहा' म्हणाला असता... राहिले नसते. पण ऐकायला आवडलं असतं की!

दौरा सोपा नव्हता. लोक यायचे बँडसाठी. माझ्या वेळी गप्पा मारायचे, ओळखीचे चेहरे शोधायचे. मी त्या कोलाहलात गात राहायचे आणि शनिवार आला की उगाच दाराकडे बघायचे.

एका मोकळ्या मैदानात, भर दुपारी, माझ्या दुसऱ्याच गाण्याला वीज गेली. गिटार मुकी, माईक मुका. बँडच्या ड्रमरनं विंगेतून खूण केली — ये आत. पण पाय हलले नाहीत. मी स्टेजच्या कडेला जाऊन बसले आणि नुसत्या गळ्यानं गायला लागले. गाणं अर्धवटच होतं. एकजण 'जा' म्हणतो आणि दुसरी खरंच निघून जाते, एवढंच. पुढची रांग गप्प झाली, मग तिच्या मागची. कडवं संपलं तसं मी थांबले.

"पुढे?" कोणीतरी ओरडलं.

"पुढचं ठाऊक नाही. त्याला विचारलंच नाही."

"फोन कर!" अख्खं मैदान ओरडायला लागलं. "फोन कर! फोन कर!"

मी फोन काढला... आणि परत खिशात ठेवला. "नाही," मी हसत म्हटलं. "हे त्याचं-माझं आहे." आधी सगळे हिरमुसले, मग अशा टाळ्या पडल्या की बस्स.

स्टेजमागे, रिकाम्या खोक्यांवर बसून मी फोन लावला.

"वर्गात आहे," तो कुजबुजला.

"बाहेर ये."

दार लोटल्याचा आवाज. पोरांची खसखस. मग शांतता.

"तू 'जा' म्हणालास," मी म्हटलं. "तुला खरंच तसं वाटत होतं?"

"हो. म्हणून पटकन म्हणालो. जरा वेळ गेला असता ना, तर दुसरंच काहीतरी बोललो असतो."

"काय?"

"फोनवर?"

"फोनवर."

"की तू मला आवडतेस. फार. पहिल्याच दिवशी, कोटांतून डोकं काढलंस तेव्हापासून... ऐकतेयस ना?"

मी नुसती मान डोलावली, जशी काही त्याला दिसणारच होती.

"अगं, बोल काहीतरी! पोरं खिडकीत आलीयेत."

"मलाही," मी म्हटलं. "पण मी दौरा पुरा करणार."

"करच. शाळेला सुट्टी लागली की मी येतो तिकडे."

आणि आला. दुसऱ्याच एका गावात, भुरभुर पावसात, हॉलच्या मागच्या दाराशी बॅग घेऊन उभा होता. छत्री नव्हती, कपाळावर केस चिकटलेले. मी जिन्यावरून उतरले, दोन पायऱ्या वरच थांबले. तेवढ्यानं आमचे डोळे समोरासमोर आले. त्यानं माझ्या गालावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं आणि अंगठा तिथंच राहू दिला.

आतून साउंडवाला हाका मारत होता, "अहो मॅडम, माईक तपासायचाय!"

"आले, आले," मी म्हणत राहिले, आणि त्याच्या भिजलेल्या खांद्यावर डोकं टेकून तिथंच उभी राहिले.