पाहुणीचं ताट

हे कोणाजवळ बोलायचं नाही, असं आईने मला दिव्याच्या ज्योतीवर हात धरायला लावून बजावलं होतं. तसंही मी कोणाजवळ फारसं बोलत नाही. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही. पण आज आई चंदाताईची औषधं आणायला अकोल्याला गेली आहे आणि संध्याकाळचं ताट वाढायचं काम माझ्यावर सोपवून गेली आहे. ते वाढायचं की नाही, हे मला दिवेलागणीच्या आत ठरवायचं आहे. म्हणून लिहिते आहे. कोणाला तरी कळलेलं असावं.

आम्ही भातकुलीच्या पुढे, कपाशीच्या रानात असलेल्या एका आश्रमात राहतो. गावचे लोक त्याला मौनाचा आश्रम म्हणतात. संत फ्रान्सिसच्या वाटेने चालणाऱ्या सिस्टर तिथे राहतात. तपकिरी झगा आणि कमरेला गाठी मारलेली पांढरी दोरी. अमरावतीहून, नागपूरहून माणसं तिथे काही दिवस गप्प राहायला येतात, काही तर पायी चालत. आल्याबरोबर फोन कपाटात आणि तोंड बंद. जेवताना भाजी हवी असली तर वाटी पुढे करायची, बस. आई त्यांचा स्वयंपाक करते. आमच्या खोलीत गजानन महाराजांची तसबीर आहे, सिस्टरांच्या प्रार्थनाघरात क्रूस. दोन्हीकडे झेंडूची माळ एकाच वाफ्यातून जाते.

आश्रमाची एक रीत आहे. जो चालत येईल त्याचे पाय धुवायचे, त्याला जेवू घालायचं, आणि नाव-गाव विचारायचं नाही. जा असंही म्हणायचं नाही. जेवणघरातल्या बाकाच्या टोकाला एक ताट कायम मोकळं मांडलेलं असतं, न सांगता येणाऱ्यासाठी. पाय धुवायचं काम माझं होतं. मला ते आवडायचं, कारण त्यात खाली मान घालून बसता येतं.

चंदाताई माझी मोठी बहीण. बारावीनंतर ती नर्सिंगला जाणार होती. मग तिच्या हाडांत दुखायला लागलं. रक्तातच दोष आहे म्हणाले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेवटी आईला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, हिला जे आवडतं ते खाऊ घाला. सिस्टर फिलोमीना मूळच्या वसईच्या, आश्रमाच्या प्रमुख. त्यांनी स्वयंपाकघराला लागून असलेली खोली ताईसाठी रिकामी करून दिली आणि स्वतः तिची सेवा करायला लागल्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सिस्टरांची एक संध्याकाळ असते. संत फ्रान्सिस गेले त्या संध्याकाळची आठवण. ते सूर्याला भाऊ म्हणत, पाण्याला बहीण म्हणत. शेवटी उघड्या जमिनीवर निजून त्यांनी मरणालाही बहीण म्हणूनच बोलावलं. त्या दिवशी प्रार्थनाघरातले दिवे मालवतात, एक मेणबत्ती ठेवतात, आणि सगळ्या जणी हलक्या आवाजात गाऊन त्या मरण-बहिणीचं स्वागत करतात. आई दर वर्षी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची.

“इतका गोड गळा देवानं देला,” ती म्हणायची, “अन् बोलावतात कोणाले, तर तिले!”

मागच्या ऑक्टोबरात त्या संध्याकाळी चंदाताईचा श्वास अडकत अडकत येत होता. डॉक्टर सकाळीच बघून गेले होते. आता आजची रात्र, एवढंच म्हणाले होते. आई पोळ्या लाटत होती आणि दर पोळीनंतर ताईच्या दारात जाऊन येत होती. प्रार्थनाघरातून आवाज यायला लागला. आईने खिडकी लावली. पण आवाज थांबला नाही, फक्त दूर गेल्यासारखा झाला.

तेवढ्यात ओसरीत कोणीतरी उभं असल्याचं मला दिसलं.

एक बाई. पांढुरकी सुती साडी, चापून बांधलेले केस. चेहरा ओळखीचा वाटला, लग्नात कुठेतरी दिसलेल्या लांबच्या नात्यातल्या बाईचा असतो तसा. आज आठवायला गेलं तर नाक-डोळे आठवत नाहीत. मी तांब्या आणि परात घेतली. ती ओट्यावर बसली आणि पाय पुढे केले.

पायांना काळी माती होती. पाऊस तर केव्हाच थांबलेला, रानात भेगा पडायला लागलेल्या, आणि ही माती ओली. मी पाणी घातलं, चोळलं. माती निघाली आणि खाली पुन्हा माती. परातीतलं पाणी काळं झालं, मी ते झाडाला ओतून आले, पुन्हा घातलं. माती निघतच होती. जणू ती बाहेरून लागलेली नव्हती, आतून येत होती. खोल खणल्यावर येतो तसा थंड वास. माझी बोटं बधिर झाली. मी वर बघितलं नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पुरे म्हणून, आणि उठली.

फाटकावर पुंजारामकाका होते, आश्रमाचे राखणदार. नंतर मी त्यांना विचारलं तर ते माझ्यावरच खेकसले.

“कोण बाई? मी फाटक उघडलंच नाही आज. झोपीत होती काय वं तू?”

ती जेवणघराकडे गेली नाही. सरळ चंदाताईच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत ताईचा श्वास थांबल्यासारखा झाला. आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पीठ लागलेल्या हातांनी. तिने त्या बाईकडे बघितलं, मग ताईकडे. आईला सगळं कळलं असणार. पण आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला म्हणतात तेच ती म्हणाली.

“असं कसं बाई... जेवल्याबिगर कशा जाता? गरम पोळी वाढून राहिली मी. बसा.”

मग ती बाई वळली आणि मोकळ्या ताटावर जाऊन बसली. आत चंदाताईने श्वास घेतला.

आईने वाढलं. पोळी, वांग्याची भाजी, वरण. तिने सगळं खाल्लं. आईने आग्रह केला, तिने पुन्हा घेतलं. “आता उशीर झाला, वस्तीले राहा,” आई म्हणाली. ती राहिली. सकाळी आई म्हणाली, “आज पुरण घालते, खाऊनच जा.” ती थांबली. जा म्हणायचं नाही ही आश्रमाची रीत, आणि उपाशी जाऊ द्यायचं नाही ही आमची. या दोन रीतींच्या मधे ती त्या बाकावर बसून राहिली.

मौनाला आलेल्यांना वाटायचं, तीही आपल्यासारखीच कोणी. विचारणार कसं? शेजारी बसून ते तिच्याकडे पाण्याचा जग सरकवायचे.

चंदाताई वाचली, असं आईने सगळ्यांना सांगितलं. पण वाचली म्हणजे काय, ते मी बघत होते. दुखणं तसूभर कमी झालं नाही, उलट रोज थोडं वाढत गेलं. आधी जिथे माणूस सुटला असता, त्याच्या पुढेही ते वाढत राहिलं. तिच्या पाठीला जखमा झाल्या. हात इतके बारीक झाले की बांगडी कोपरापर्यंत जायची. रात्रभर ती उशीचं टोक चावायची, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

आणि आश्रमातही काहीतरी थांबलं. प्रार्थनाघरातली झेंडूची माळ दिवाळी होऊन गेली तरी टवटवीत होती. कोठीत आईने लावलेल्या सापळ्यात एक उंदीर सापडला. कंबर मोडलेली. दुसऱ्या दिवशी तो हलत होता. आठवड्यानेही हलत होता. पुंजारामकाकांनी त्याला बादलीत बुडवून ठेवलं. मी झाकण काढून बघितलं तर तो पाण्याखालून माझ्याकडे बघत होता. मी शाळेत गेले आणि दिवसभर काही खाल्लं नाही.

सिस्टर फिलोमीनांनी आईला एकदा परसात गाठलं. आम्ही दोघी भांडी घासत होतो.

“आशाबाई, आम्ही तिला बोलावतो ते अशी अडवून ठेवायला नाही गं.”

“मी कुठं अडवली? बांधली काय मी तिले?”

“तू रोज ताट वाढतेस.”

“तुमी बोलावलं, मी जेऊ घालून राहिली. ज्याचं त्याचं काम सिस्टर.”

“पोरीकडे बघ. तिचे हाल बघ.”

“पाहून राहिली ना! डोळ्यानं पाहून राहिली. डोळ्यापुढं हाय म्हणूनच पाहून राहिली.” आईने हातातली राख फेकली. “तुमाले लेकरू नाही. तुमाले काहून सांगू मी?”

सिस्टर कमरेच्या दोरीची गाठ मुठीत धरून उभ्या राहिल्या. पुढे त्यांची छाती दुखायला लागली आणि त्यांना नागपूरला नेलं. बाकीच्या सिस्टरही एकेक करून दुसऱ्या घरांत गेल्या. मौनाला कोणी येईनासं झालं. एक बाई तर पहिल्याच दिवशी चप्पल हातात घेऊन परत गेली, इथे शांतता नाही, म्हणाली, इथे कोणीतरी ऐकत बसलं आहे.

आता आम्हीच आहोत. आणि ती.

आज सकाळी आई गेल्यावर चंदाताईने मला जवळ बोलावलं.

“सीमे, आज तिले वाढू नको.”

“आईले काय सांगू?”

“सांग, विसरली म्हणून. तुले कोण विचारते? तू तर मुकीच हाय.” ती हसली. ओठ फाटून रक्त आलं. मग माझं मनगट धरून म्हणाली, “मले जाऊ दे वं... मले भेव नाही वाटत तिचं. मले या खाटेचं भेव वाटते.”

मी तिच्या ओठावरचं रक्त पुसलं. दुपारी भाकरी टाकताना मला कळलं की मी दोनच टाकते आहे, एक ताईची आणि एक माझी.

मघाशी आईचा फोन आला. बस मूर्तिजापूरला बंद पडली आहे. “ताट वाढलं काय?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, हाव.

ऊन कपाशीच्या पऱ्हाट्यांवरून उतरलं. दिवेलागण झाली. मी ताट वाढलं नाही. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. ताईजवळ बसणार होते, पण तिनेच नको म्हटलं, तुले पाहवणार नाही म्हणाली. तिने माझ्याकडून वेणी घालून घेतली आहे. दाराकडे तोंड करून पडली आहे.

आत्ता बाक सरकल्याचा आवाज आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती आपणहून उठली आहे.

पावलं ओली वाजताहेत. जेवणघर ओलांडलं. ओसरी. आता ताईचं दार. मी डोळे मिटले, मनातल्या मनात ताईला म्हटलं, जा गं, आता सुखाने...

पावलं थांबली नाहीत.

“सीमे...” ताई आतून ओरडते आहे. तिच्यात एवढा आवाज कुठून आला कळत नाही. “सीमे, ती माझ्याकडे आलीच नाही... तिनं पाह्यलंसुदिक नाही माझ्याकडे... सीमे, पळ!”

थंड मातीचा वास पायरीपर्यंत आला आहे. मी मान वर केलेली नाही. ती माझं नाव घेते आहे. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकते आहे आणि तो वाईट नाही, घरच्या माणसाचा असतो तसा आहे, जणू पान वाढून झालं आहे आणि माझ्यामुळेच सगळे खोळंबले आहेत. मी म्हटलं, आले, एवढं एक वाक्य संपवते, पण ती म्हणते