फाशीच्या कैद्याचं पाणी

पवन, फोन उलटा ठेव अन् ऐक. हे मनातलं नाई सांगून राह्यलो. शेलूबाजारच्या इस्माईलच्या घरी घडलं, अन् इस्माईल माहा लंगोटीयार. फोटोले फ्रेम करायचं त्याचं दुकान. काच कापता कापता उजव्या अंगठ्याचं टोक गेलं, पण हात अजून साफ चालते.

मागच्या साली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मालेगावचा एक माणूस जुनं छापील चित्र घेऊन आला. इंग्रजांच्या काळातलं. कोठडीत बेड्या घातलेला सरदार, सकाळी फाशी जाणारा. कडेले, दाराच्या गजांतून कोणाचा तरी हात त्याले पाण्याचा तांब्या देऊन राह्यला होता.

माणसाले फ्रेम सकाळीच पाहिजे होती. तयार फ्रेम दोन बोटं तोकडी. इस्माईलनं कडेची पट्टी कापली. तांब्या गेला, हातबी गेला. पट्टी टाकली चहाच्या शेगडीत. मागून फळी ठोकली, कागद चिकटवला अन् गोंद वाळेपर्यंत चित्र घरात टांगलं.

तू म्हणशीन, कागदच तं होता. पण फाशीच्या माणसाले पाणी तं दुश्मनबी पाजते. हे ऐकलं तवा मले त्याचा रागच आला होता.

त्याच खोलीत त्याची पोरगी फरहीन तापानं फणफणून राह्यली होती. डॉक्टर म्हणे, पाणी पाजत राहा, नाई तं पोरगी हातची जाईन. रात्री तिनं पाणी मागितलं. उशाचा तांब्या कोरडा. इस्माईलनं भरला. तोंडाशी नेला...

कोरडा.

पुन्हा भरला. पुन्हा कोरडा. पोरीचे ओठ फाटले होते.

"तू पेली काय?"

"नाई अब्बा. तो पिऊ देत नाई."

"कोण?"

तिनं भिंतीकडं बोट केलं.

बेडी वाजली. एकदाच.

इस्माईलनं तांब्या भरला. चित्रासमोर धरला.

"घे बाबा, पे. पण माह्या पोरीले सोड..."

अंधार. घोट गिळल्याचा आवाज...

तांब्या हलका झाला.

मंग त्यानं तांब्या पुन्हा भरून पोरीले पाजलं. पाणी घशात उतरलं. पहाटच्या, फजरच्या अजानीपर्यंत तापबी उतरला.

उजेडात त्यानं चित्र खाली काढलं. मले बोलावलं. मी ह्या डोळ्यांनी पाह्यलं. मागची फळी तशीच, कागद तसाच, काचेले चरा नाई. पण कापलेल्या कडेतून एक हात आत आला होता, तांब्या धरलेला. छापील.

अंगठ्याले टोक नव्हतं.