कोरा ठेवायचा चेहरा

अगं, आधी ऐक तर! मध्येच हसलीस तर पुढचं सांगणार नाही.

ते डोंगरातलं जुनं देऊळ मी शोधलं ना, त्याच्या भिंतींवरची चित्रं कागदावर उतरवत होते. आत मिट्ट काळोख. म्हणून बाहेर उन्हात एकजण मोठा आरसा धरायचा, उजेड माझ्या शेजारच्या आरशावर पाडायचा, आणि तिथून तो भिंतीवर. त्याला सगळे उजेडवालाच म्हणायचे.

"चित्रकारबाई, ऊन पोचलं का?"

"पोचलं! जरा वर..."

"अजून वर म्हणजे सूर्यालाच सांगावं लागेल!"

ढग आला की उजेड जायचा, आणि माझ्या आरशात तो दिसायचा. बाहीने घाम पुसणारा... भुवईत खोक पडल्याची जुनी खूण...

आमच्या कामाचा नियम एकच. भिंतीवर आहे तेवढंच काढायचं. पोपडा पडलाय तिथे कागद कोरा. एका बासरीवाल्याचा अख्खा चेहराच गळून पडलेला.

काल आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या सरांनी त्या बासरीवाल्याचा कागद टेबलावर पसरला. "याला चेहरा कुठून आला?"

सगळे वाकून बघायला लागले. आणि मी — शी, सांगतानाही कसंतरी होतं — म्हणाले, "आरसा हलत होता, सर. नीट दिसलं नाही."

तो दारातच उभा होता. "हो," म्हणाला, "हात हलला माझा."

"मग उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले. झालं!

मी मागोमाग धावले. पायरीवर बसून तो आरसा चादरीत गुंडाळत होता.

"खोटं कशाला कबूल केलंत?"

"तुमचं नाव खराब झालं असतं. आरसा काय, कुणीही धरेल." मग हळूच, "चेहरा झकास जमलाय हं. फक्त ती खूण माझ्या डाव्या भुवईत आहे, तुम्ही उजव्या भुवईत काढलीत... आरशात बघून काढलात ना?"

कान असे तापले माझे! तशीच आत गेले, सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, आरसा हलला नव्हता. मीच भिंत सोडून माणूस बघत होते."

सरांनी चष्मा पुसला. किती वेळ पुसला! "कागद पुन्हा करा. चेहरा कोरा. आणि थांबवा त्याला, ऊन उतरतंय."

बाहेर आले, पण मान वर होईना. "सांगितलं मी... खरं."

"मग माझा चेहरा परत द्या."

"नाही."

"का?"

"खूण दुरुस्त करायचीय. या वेळी... तुम्हाला समोर बसवून."

अगं, निघूनच गेलं तोंडातून! आता उद्या सकाळी तो बसणार समोर, आणि ज्याच्यावर खोटं ढकललं त्याच्याकडे मी बघू कशी? तू असतीस तर काय केलं असतंस गं?